किरण तुटला की फोटो: वालावलच्या केळीखाली काही रात्री

गुरुवार

केळफुलावर वटवाघूळ येतं, मध चाटतं आणि निघून जातं. हे सगळं एक-दोन सेकंदांत आणि मिट्ट काळोखात. डोळ्यांनी बघून बटण दाबणाऱ्याच्या फोटोत रिकामं केळफूल येतं, कारण दिसल्यापासून बोट हलेपर्यंतच सेकंदाचा पाचवा हिस्सा निघून गेलेला असतो. म्हणून बोटाचं काम प्रकाशाकडे द्यायचं. फुलाजवळून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण सोडायचा, समोर त्याच्याकडे बघणारा सेन्सर बसवायचा आणि वटवाघळाने किरण तोडला की फ्लॅश उडवायचा.

त्यासाठी मी आणि माझा भाचा कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरलो. तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. सर्किट त्याचं, कॅमेरा माझा. दिवस मुद्दाम कार्तिकातल्या अमावास्येच्या आसपासचे निवडले होते. चांदणं असलं की ही वटवाघळं बुजतात, उशिरा येतात, आणि आम्हाला काळोखच हवा होता. तो का, ते पुढे येईल.

कुडाळहून रिक्षाने वालावल. लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून असलेलं तळं मागे टाकलं की वाट उताराने कर्ली नदीकडे जाते. त्या उतारावर भाऊकाकांची बाग: वर माड, मध्ये पोफळी, पोफळींच्या सावलीत केळी. केळ्यांचं लोंगर नीट सुटलं की त्याच्या टोकाचं केळफूल कापून भाजीला नेण्याची इथली रीत आहे. मी फोनवर विनवणी करून दोन-तीन केळींची फुलं न कापता ठेवायला लावली होती. काकींनी आंबोळ्या वाढता वाढता सांगितलं, "तुमच्या वाघळांपायी माजी भाजी रवली."

पहिल्या रात्री कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही, हे मी भाच्याला गाडीतच सांगून ठेवलं होतं. त्याला ते पटलं नव्हतं. पण किरण कुठून जावा हे सर्किट सांगू शकत नाही. ते प्राणी सांगतो, आणि त्याचं ऐकायला एक रात्र द्यावीच लागते. टॉर्चवर लाल जिलेटिन चढवून आम्ही विहिरीच्या कठड्याला टेकून बसलो. भाऊकाका विडीचं बंडल घरी ठेवून आले. तेवढ्या धुरानेही वटवाघळं बिथरतील, असं त्यांचं मत.

सहाला सूर्य गेला. पुढची वीस मिनिटं एक शिंजीर पक्षी फुलाशी लोंबकळून होता. मग केळफुलाची एक जांभळी पाकळी हळूहळू वर वळताना दिसली आणि तिच्याखालची कोवळ्या फुलांची रांग उघडी पडली. केळफूल रोज संध्याकाळी असं थोडं उघडतं, त्या रांगेत मध भरतो आणि जुनी पाकळी गळून पडते. आपण खातो त्या केळ्याला परागीभवन लागत नाही, तरीही झाड आपल्या रानटी पूर्वजांचं वेळापत्रक पाळत राहतं.

सातच्या सुमाराला केळीच्या पानावर फडफड झाली आणि फूल हललं. नुसतं हललेलं फूल दिसलं, बाकी काही नाही. भाचा वरच्या बाजूला बघत होता. भाऊकाका हळूच म्हणाले, "तां वरसून नाय, खालसून येतला." तसंच होतं. पुढच्या प्रत्येक फेरीला विहिरीच्या अंगाने, पानांच्या खालून एक घिरटी, मग कमरेएवढ्या उंचीवर खाली सूर आणि तिथून वर उसळून फुलाला मिठी. सुटताना मात्र सरळ मागे पडून पंख उघडणं. भाच्याने वहीत बाण काढले. एकही बाण वरून खाली आलेला नव्हता.

शुक्रवार

सकाळ मांडणीत गेली. बांबूच्या चार काठ्या रोवल्या, दोन किरण सोडणाऱ्या एलईडींसाठी आणि दोन सेन्सरांसाठी. एलईडी ९४० नॅनोमीटरच्या. माणसाला तो प्रकाश अजिबात दिसत नाही. फलाहारी वटवाघळं मोठ्या डोळ्यांनी आणि नाकाने वाट काढतात. कीटक खाणाऱ्या वटवाघळांसारखी घशातून आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर ती उडत नाहीत. त्यामुळे वाटेत चमकणारी कुठलीही गोष्ट नको होती. काठ्याही भाऊकाकांनी जुन्याच दिल्या, काळवंडलेल्या.

सेन्सरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवीन माणसाचं घोडं इथेच अडतं. टीव्हीच्या रिमोटचा इशारा ऐकणारा टीएसओपी १७३८ सगळीकडे स्वस्तात मिळतो. सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा अवरक्त प्रकाशच तो ओळखतो, म्हणून ऊन, बल्ब, टॉर्च यांनी फसत नाही. इथपर्यंत उत्तम. पण तो बनवला आहे रिमोटच्या तुटक इशाऱ्यांसाठी. अखंड येणारा सिग्नल म्हणजे गोंगाट, असं समजून तो थोड्या वेळाने बहिरा होतो, आणि किरणाच्या अडसराला तर अखंड सिग्नलच हवा असतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे एलईडी थांबत थांबत, छोट्या तुकड्यांत लुकलुकवायची. दुसरा, खास प्रकाश-अडसरासाठी बनवलेला याच जातीचा सेन्सर घ्यायचा. भाच्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हिंडून दुसरा आणला होता. निर्णय घ्यायला त्याला अर्धा मिलीसेकंदसुद्धा लागत नाही. तेवढ्यात सेकंदाला पाच मीटर वेगाने येणारं वटवाघूळ दोन-अडीच मिलिमीटर सरकतं, म्हणजे आमच्या दृष्टीने जागचं हलतच नाही.

उशीर होतो तो कॅमेऱ्यात. इशारा मिळाल्यावर आरसा उचलायचा, शटरचा पडदा उघडायचा, मग चित्र. माझ्या कॅमेऱ्याचा हा विलंब आम्ही घरी गोटी टाकून मोजला होता. किरणाच्या वीस सेंटिमीटर वरून गोटी सोडायची, मागे फूटपट्टी उभी करायची आणि किरण तुटल्यावर निघालेल्या फोटोत गोटी कुठे आहे ते बघायचं. ती किरणाच्या साडेतेरा सेंटिमीटर खाली होती. शाळेतलं पडत्या वस्तूचं सूत्र लावलं की साठ मिलीसेकंद येतात. एवढ्या वेळात पाच मीटर वेगाचं वटवाघूळ तीस सेंटिमीटर पुढे जातं, म्हणजे फुलावर पोचून स्थिर झालेलं असतं. मला तर पंख उघडे असलेला, मिठी मारण्याआधीचा क्षण हवा होता.

म्हणून काळोख. काळोखात कॅमेऱ्याचा पडदा आधीच उघडा ठेवता येतो. वीस-तीस सेकंदांचं एक्स्पोजर लावायचं, ते संपलं की लगेच पुढचं, आणि किरण तुटल्यावर फक्त फ्लॅश उडवायचा. फ्लॅशला इशारा मिळाल्यापासून पेटायला मिलीसेकंदाचा अगदी क्षुल्लक भाग लागतो. साठ मिलीसेकंदांचा प्रश्नच मिटतो. पडदा उघडा असला तरी काळोखात काहीच नोंदलं जात नाही. चित्र तयार होतं ते फ्लॅशच्या उजेडात, आणि तो उजेड जेवढा क्षण टिकला तेवढाच त्या फोटोचा काळ.

तो क्षण किती, हे फ्लॅशच्या ताकदीवर ठरतं. हातात मावणारा साधा फ्लॅश पूर्ण ताकदीने उडवला तर सेकंदाचा सुमारे हजारावा भाग पेटलेला राहतो. तेवढ्यात पंखाचं टोक पुसट होतं. ताकद एक सोळांशावर आणली की हा काळ दहा हजाराव्या भागापर्यंत येतो, एक बत्तिसांशावर आणखी कमी. म्हणजे मंद फ्लॅश हाच वेगवान फ्लॅश. उजेड कमी पडतो तो भरून काढायला एकाच्या जागी तीन फ्लॅश लावायचे आणि ते फुलाच्या जवळ आणायचे. आम्ही तीनही फुलापासून मीटरभर अंतरावर लावले, दोन पुढून तिरके आणि एक मागून, पंखाच्या पातळ कातडीतून उजेड यावा म्हणून. आयएसओ ८००, छिद्र एफ/१६, पन्नास मिलिमीटरची लेन्स दीड मीटरवर. अशात पुढेमागे मिळून साधारण अर्धा मीटर खोली स्पष्ट राहते, आणि उघड्या पंखांचं वटवाघूळ त्यात बसतं.

फ्लॅश आणि सर्किट यांच्यामध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे विजेची थेट जोडणी न करता उजेडाने इशारा पलीकडे पोचवणारा भाग, हवाच. जुन्या फ्लॅशच्या जोडणीवर कधीकधी दोनशे व्होल्टच्याही वर दाब असतो. तो थेट आर्डुइनोत, म्हणजे आमचं सर्किट चालवणाऱ्या छोट्या संगणक-बोर्डात शिरला तर बोर्ड तिथल्या तिथे जातो. जुने फ्लॅश स्वस्त मिळतात म्हणून हे ठळक सांगते आहे.

किरण दोन, आणि ते फुलीसारखे एकमेकांना छेदणारे. दोन्ही एकाच वेळी तुटले तरच फ्लॅश. एकच किरण असता तर त्याच्या संपूर्ण लांबीत कुठूनही पतंग गेला तरी फ्लॅश उडाला असता, आणि ते वटवाघूळ फुलापासून वीतभर दूर आहे की हातभर, हेही कळलं नसतं. फुली कुठे पडावी हे भाच्याच्या वहीतल्या बाणांवरून ठरवलं: फुलाच्या खाली आणि विहिरीच्या बाजूला, साधारण एक वीत अंतरावर. सेन्सरांना काळ्या पाइपचे तुकडे टोपीसारखे घातले, म्हणजे ते समोरच्याच एलईडीकडे बघतील. भाचा पॉवरबँक केळीच्या बुंध्याशी ठेवायला गेला तर भाऊकाका ओरडले, "हय नको रे, हय मुंगळे आसत." पॉवरबँक विहिरीच्या कठड्यावर गेली.

रात्र मात्र वाया गेली. साडेसातनंतर नदीकडून वारा सुटला आणि केळीचं एक मोठं पान बरोबर फुलीतून हेलकावू लागलं. फ्लॅश उडायचे, फोटोत पान. वटवाघळं यायची, पण उजेडाचा हा खेळ बघून दुरूनच वळायची. नवाच्या आधीच सगळं बंद केलं. विनाकारण फ्लॅश उडत असताना त्यांच्या जेवणाच्या जागेवर ठाण मांडून बसणं मला मान्य नाही.

शनिवार, अमावास्या

सकाळी भाऊकाकांनी ते पान न तोडता केळीच्याच सोपाने बाजूच्या पोफळीला बांधून टाकलं. भाच्याने प्रोग्राम बदलला. किरण तीस मिलीसेकंदांपेक्षा जास्त वेळ तुटलेला राहिला तर तो पानाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा समजून सोडून द्यायचा आणि किरण पुन्हा जुळेपर्यंत थांबायचं, असं तो म्हणाला. मी विचारलं, मग वटवाघूळ फुलीत शिरल्याबरोबर फ्लॅश उडायला हवा, त्याचं काय? तीस मिलीसेकंद वाट बघून ठरवलं तर ते पंधरा सेंटिमीटर पुढे गेलेलं असेल. तो बराच वेळ गप्प बसला. मग वेगळी वाट काढली: पहिल्यांदा तुटल्याबरोबर फ्लॅश उडवायचा, पण किरण अडलेलाच राहिला तर पुढचा फ्लॅश उडवायचा नाही, आणि काहीही झालं तरी दोन फ्लॅशमध्ये निदान एक मिनिट जाऊ द्यायचं. ते एक मिनिट माझ्या आग्रहाने आलं. एकच वटवाघूळ लागोपाठच्या फेऱ्यांत पुन्हा पुन्हा दिपू नये म्हणून.

दुपारी जेवण झाल्यावर पडवीत भाऊकाकांची नात आली, सातवीतली. तिला किरण तोडून बघायचा होता. हात घातला की आर्डुइनोवरचा दिवा लागायचा. वाघाचे फोटो असेच काढतात का, हा तिचा प्रश्न. मी तिला एफ. डब्ल्यू. चॅम्पियनबद्दल सांगितलं. तो संयुक्त प्रांतातला वनअधिकारी. १९२० च्या दशकात वाघाच्या वाटेवर तार बांधून, वाघाच्याच पायाने ती ओढली जाईल अशी व्यवस्था करून त्याने रात्रीचे फोटो काढले. पुढे तारेची जागा किरणाने घेतली. १९९० च्या दशकात उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून वाघ मोजायची रीत बसवली. नंतर किरणही मागे पडला. आज जंगलात लावतात ते बहुतेक कॅमेरे प्राण्याच्या अंगाची ऊब आणि हालचाल ओळखतात. त्यांना समोर दुसरी काठी लागत नाही, एकच पेटी झाडाला बांधली की झालं. पण ऊब ओळखणारा सेन्सर 'समोर कुणीतरी आलं' एवढंच सांगतो. नेमक्या कुठल्या बिंदूवर आलं, हे किरणच सांगतो. उडत्या प्राण्यांना म्हणूनच किरण लागतो. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये स्टीफन डाल्टन यांनी उडत्या कीटकांचे फोटो काढले तेही किरणांच्याच बळावर, आणि साध्या कॅमेऱ्याचा पडदा फार सावकाश उघडतो म्हणून त्यांनी वेगळा झटपट पडदा बनवून घेतला होता. आमचा काळोखाचा उपाय त्यांना दिवसाउजेडी चालणारा नव्हता.

संध्याकाळी आधी किरण पुन्हा जुळवले. केळफुलाची आज वेगळी पाकळी उघडणार होती आणि दांडाही किंचित खाली उतरला होता. हे रोज करावं लागतं.

सातला थोडी मिनिटं कमी असताना पहिला फ्लॅश उडाला. आम्ही विहिरीपाशी, कुणी बोललं नाही. एक मिनिट गेलं. दुसऱ्या फ्लॅशच्या वेळी पानावरची फडफडही ऐकू आली. तासाभराने मी एकदाच उठून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो बघितला.

फोटोत ते फुलाखाली एक वीत अंतरावर होतं, दोन्ही पंख पूर्ण उघडे, पाय पुढे काढलेले. मागच्या फ्लॅशमुळे पंखाच्या कातडीतल्या नसा आणि बोटांची हाडं वेगवेगळी मोजता येत होती. हाडं आसपासच्या काळसर कातडीपेक्षा फिकट. कानांना पांढरी किनार. सायनोप्टेरस स्फिंक्स, आखूड तोंडाचं फलाहारी वटवाघूळ, आपल्या गावाशहरांत सगळीकडे असतं ते. मला सगळ्यांत जास्त आनंद झाला तो छातीवरच्या केसांवर पडलेल्या पिवळसर परागांमुळे. ते आधीच्या कुठल्यातरी फुलावरचे होते. झाडापासून झाडापर्यंत जाणारी ती वाहतूक एका चौकटीत दिसत होती. भाऊकाकांना फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले की इतकी वर्षं फक्त फडफड ऐकली होती.

काकींचा प्रश्न वेगळा होता: यांच्यामुळे रोग येतो म्हणतात, मग बागेत यांना येऊ द्यावं का? प्रश्न रास्त होता. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. मी एवढंच सांगितलं की त्यांना हात लावायचा नाही, त्यांनी कुरतडलेलं फळ खायचं नाही, त्यांच्या झोपायच्या जागी जायचं नाही. एवढं पाळलं तर फुलावर येणाऱ्या वटवाघळाची भीती बाळगायचं कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी गटात घातली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच निघालं. मला हा बदल फार उशिरा झालेला वाटतो.

रविवार, देवदिवाळी

देवदिवाळीपासून इथे जत्रांचे आणि दशावताराचे दिवस सुरू होतात. घरात गडबड होती. आम्ही सकाळी त्याच फुलावर शिंजीर टिपायचा प्रयत्न केला. सेन्सरने आपलं काम चोख केलं, भर उन्हात ३८ किलोहर्ट्झचा किरण ठाम राहिला. पण दिवसा पडदा उघडा ठेवता येत नाही. कॅमेऱ्याचा साठ मिलीसेकंदांचा विलंब परत आला, आणि फ्लॅशसोबत पडद्याचा वेग सेकंदाच्या सुमारे अडीचशेव्या भागापेक्षा वाढवता येत नसल्यामुळे पंखाच्या स्पष्ट चित्राभोवती उन्हातलं पुसट चित्र उमटलं. आता बटण दाबण्याच्या आधीच्या क्षणांचे फोटोही साठवून ठेवणारे कॅमेरे आलेत. दिवसाच्या पक्ष्यांसाठी तेच वापरावेत, किरणाच्या खटपटीत पडू नये, असं माझं मत झालं. काळोखात मात्र त्यांचा उपयोग नाही, कारण साठवायला चित्रच नसतं.

दुपारी भाऊकाकांनी बागेच्या कडेचा भेरली माड दाखवला. त्याच्या लोंबत्या फळांच्या झुबक्यात मधल्या काही लडी कुरतडून टाकलेल्या, आत घंटेसारखी पोकळी. आमच्या फुलावरच्या वटवाघळाच्या जातीचा नर असं घर करतो आणि त्यात माद्यांना आणतो. पुण्यातल्या भेरली माडांवरच्या अशा घरांचा अभ्यास स्टॉर्झ, भट आणि कुंझ या संशोधकांनी केला आहे. भाच्याने लगेच किरण कुठे बसेल ते बघायला सुरुवात केली. मी नको म्हटलं. फुलावर ते दोन सेकंदांसाठी येतं आणि नको वाटलं तर दुसऱ्या फुलावर जातं. घराला दुसरी जागा नसते, तिथे फ्लॅश उडवायचा नाही. दुर्बिणीतून दुरून बघितलं, आत तीन-चार जणं गच्च चिकटून बसलेली.

रात्री मोजकेच फोटो काढले. फुलाजवळ येतानाचे क्षण आदल्या रात्री मिळाले होते, म्हणून फुली फुलाच्या मागे, सुटण्याच्या वाटेवर नेली. मागे पडताना वटवाघूळ आधी जवळजवळ उताणं होतं आणि मग पंख पसरतं, हे पहिल्या रात्री नुसत्या डोळ्यांना कळलंच नव्हतं. जीभ अजून बाहेर होती.

सोमवार

काठ्या उपटल्या, पाइपांच्या तोंडाशी रात्रीत झालेली कोळ्यांची जाळी पुसली, ओलावलेल्या लेन्सा उन्हात ठेवल्या. आर्डुइनोने प्रत्येक वेळी किरण तुटल्याची वेळ कार्डावर लिहून ठेवली होती, फ्लॅश उडाला असो वा नसो. फोटोंइतकीच ती यादी मला मोलाची वाटते. सातच्या आधी तुरळक, सात ते आठ दाटी, मग बराच वेळ शांतता, आणि आम्ही फ्लॅश बंद करून किरण तेवढे चालू ठेवले होते त्या वेळात पहाटे चारनंतर पुन्हा फेऱ्या. पहाटे येतात हे भाऊकाकांनाही माहीत नव्हतं.

पुढच्या खेपेला फ्लॅश न नेता नुसते किरण आणि घड्याळ घेऊन यायचं ठरलं आहे, वेगवेगळ्या केळींवर एकाच वेळी लावायला. काकींनी फुलं ठेवायचं कबूल केलं, फक्त वेलची केळीची कापणार, राजेळी केळीची राहू देणार. कुडाळ स्टेशनवर गाडीची वाट बघताना भाचा चार किरणांसाठी लागणाऱ्या सामानाची यादी करत होता.